तळहातातली तीन बोटं

माझ्या वडिलांचं तारण मंगळवारी दुपारी, पाळकांचा चहा झाल्यानंतर झालं, असं पाळकांचं म्हणणं आहे. त्याआधीचं सगळं आयुष्य बाबा नरकाच्या वाटेवर होते. पाळकांच्या शर्टावर बिस्किटाचा चुरा तसाच असताना ते त्या वाटेवरून उचलले गेले, आणि गुरुवारी सकाळी वारले. म्हणजे थोडक्यात निभावलं.

हे पाळकांनी आमच्याच बाहेरच्या खोलीत बसून सांगितलं. बाबा तेव्हा इस्पितळाच्या शवागारात होते. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती, आणि तिची धाकटी बहीण, माझी मावशी, तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मावशी असा हात फिरवते की माणसाला आपण टेबल असल्यासारखं वाटावं.

"त्यांनी हात दाबला," पाळक म्हणाले. "मी स्पष्ट विचारलं, प्रभूला तुमचा तारणारा म्हणून स्वीकारता का? स्वीकारत असाल तर माझा हात दाबा. आणि त्यांनी दाबला. चांगला घट्ट."

"ऐकलंस ना ताई?" मावशी म्हणाली. "चांगला घट्ट!"

पकड जितकी घट्ट तितकी स्वर्गातली खोली मोठी, असा तिचा स्वर होता.

"मी होते तिथे," मी म्हणाले.

"तेच तर!" पाळक खुलले. "तूच साक्षीदार आहेस, बाळ. उद्या सकाळी चर्चच्या समितीपुढे एवढंच सांगायचं."

मंडळीचा नियम असा की चर्चमागच्या दफनभूमीत फक्त तारण झालेल्यांना जागा. जन्मभर बाहेर राहिलेला माणूस शेवटच्या घटकेला आत आला असेल, तर पाळकांखेरीज आणखी कोणीतरी समितीपुढे तसं सांगावं लागतं. बोलता न येणाऱ्या आजाऱ्यांसाठी पाळकांनी हात दाबण्याची पद्धत काढली होती. इस्पितळातल्या फेऱ्यांमध्ये ती फार सोयीची पडायची. एका दुपारी चार-चार माणसं वाचवून ते जेवणाच्या वेळेला घरी परत येत. आईची जागा त्या दफनभूमीत ठरलेली होती, भिंतीलगत, तिच्या आईवडिलांच्या शेजारी. तिच्या कडेला आणखी एक जागा रिकामी होती. तिथे बाबा जाणार, की गावाच्या दुसऱ्या टोकाला नगरपालिकेच्या दफनभूमीत, हे माझ्या तोंडून काय निघतं त्यावर ठरणार होतं.

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. छापील फलक आले तेव्हा बाकीच्यांनी धंदा बदलला. बाबांनी फक्त चष्मा बदलला. त्यांचा कशावर विश्वास नव्हता असं नाही. रंगाचा पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये यावर त्यांचा ठाम विश्वास होता. देवाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "ते खातं तुझ्या आईकडे आहे."

आणि खरोखरच तशी वाटणी होती. दर रविवारी ते आईला चर्चच्या फाटकापर्यंत सोडत. ती आत जाई, ते बाहेर कट्ट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत. फाटकावर "सर्वांचे स्वागत आहे" अशी मोठी निळी पाटी आहे. ती त्यांनीच रंगवलेली, आणि दर दोन-तीन वर्षांनी तेच ती उजळून देत. मावशी एकदा म्हणाली, "भावजी, दारापर्यंत येता, दोन पावलं आत या की." तर म्हणाले, "मेव्हणीबाई, पाटी बाहेरून वाचायची असते." उपासना संपली की आई बाहेर येई, ते वर्तमानपत्राची घडी घालत आणि विचारत, "काय म्हणतो तुझा देव?" ती म्हणे, "तुमची चौकशी करत होता." हा संवाद मी लहानपणापासून ऐकला. त्यात कधी एका शब्दाचा फरक पडला नाही, आणि दोघंही दर वेळी हसत.

झटका आला तेव्हा त्यांचा डावा हात लुळा पडला. बोलणं गेलं, ओळख गेली. उजवा हात मात्र विचित्र वागू लागला. तळव्याला काहीही लागलं की मूठ मिटायची. पांघरुणाची कड, पलंगाचा दांडा, माझी ओढणी. नर्स त्यांचं अंग पुसायला आली की हमखास अडकायची. "बाबा, सोडा हो माझं बोट, मला दुसरेही पेशंट आहेत!" असं म्हणत ती एकेक बोट उलगडायची.

मला पहिल्यांदा वाटलं ते आमच्याकडे परत येताहेत. मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी खिशातलं पेन काढून बाबांच्या तळव्यावर आडवं फिरवलं. मूठ मिटली. बाबांनी पेन धरलं, ब्रश धरायचे तसं नाही, बाळ खुळखुळा धरतं तसं.

"जन्मलेल्या बाळात हे असतं," त्या म्हणाल्या. "मोठेपणी मेंदू ते आवरून धरतो. यांच्यात तो आवरणारा भागच गेलाय. यात इच्छा नसते. तुम्ही यावर आशा बांधू नका."

मी बांधली नाही. मंगळवारी दुपारी पाळक आले आणि त्यांनी बांधली.

ते कसं झालं तेही सांगते, कारण मी पलंगाच्या पायथ्याशीच उभी होते. डावीकडे सलाईनचा स्टँड होता, म्हणून पाळकांनी स्टूल उजवीकडे ओढलं. चहा संपवला. मग आपली तीन बोटं बाबांच्या तळव्यात ठेवली. मूठ मिटली. मग पाळकांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि विचारलं, "प्रभूला..." उत्तर आधी आलं, प्रश्न मागून आला. प्रश्न संपेपर्यंत बाबांनी बोटं इतकी आवळली होती की पाळकांच्या चेहऱ्यावर थोडी वेदना दिसली. तिला ते आनंद म्हणत होते.

आता बाहेरच्या खोलीत मी त्यांना हेच म्हणाले. "पाळकसाहेब, तुम्ही बोटं आधी ठेवलीत, विचारलंत नंतर."

"त्यानं काय होतं?"

"'स्वीकारता का'पर्यंत तुम्ही पोचायच्या आत मूठ मिटली होती."

"आत्मा शब्दांसाठी खोळंबत नाही, बाळ."

मला हे उत्तर मनापासून आवडलं. तारणाच्या विषयावर मी बरंच वाचलं आहे. जाडजूड पुस्तकं, या बाजूची आणि त्या बाजूचीही. त्यात मला सर्वांत भव्य वाटलेली गोष्ट ही, की या शास्त्राला खोटं ठरवू शकेल असा एकही पुरावा जगात असू शकत नाही. हात दाबला तर प्रभूने दाबवला. नसता दाबला तर सैतानाने धरून ठेवला. स्वतःच परीक्षक, स्वतःच परीक्षार्थी, आणि पेपरही घरीच तपासायचा.

"त्यांनी नर्सचं बोटही दाबलं होतं," मी म्हणाले. "रोज. तिचाही स्वीकार केला म्हणायचा का?"

"थट्टा सुचते तुला?" मावशी उसळली. "बाप जाऊन अजून दिवस उलटला नाही!"

"थट्टा नाही मावशी. समजून घेतेय. पाळकसाहेब, बाबा माणूस म्हणून कसे होते?"

"चांगले होते. फारच चांगले. मी कधी नाही म्हटलंय? पण चांगुलपणानं कोणी तरत नाही. तारण कमवायचं नसतं, ती कृपा आहे. अगदी फुकट."

"फुकट आहे तर हात कशाला दाबायचा?"

"देणारा देतोय, पण घ्यायला हात तरी पुढे करायला नको?"

"आणि ज्याचा हात हलतच नाही त्यानं?"

पाळकांनी कप खाली ठेवला. मी पुढे म्हणाले, "बाबांचा डावा लुळा होता, उजवा मिटत होता. सलाईन डावीकडे होतं म्हणून तुम्ही उजवीकडे बसलात. वॉर्डबॉयनं सकाळी स्टँड दुसऱ्या बाजूला लावला असता तर तुम्ही लुळा हात धरला असतात. मग बाबा आत्ता जळत असते, हो ना? म्हणजे आमच्या घरानं आभार मानायचे ते वॉर्डबॉयचे."

"असा विचार करायचा नसतो," पाळक म्हणाले.

हेही मी पुस्तकांत वाचलं होतं, फक्त तिथे त्याला पानं जास्त लागली होती.

आई उठली, पाळकांचा रिकामा कप उचलला आणि आत गेली. पाळक जाताना दारात हळूच म्हणाले, "तुझ्या आईचा विचार कर. तिला काय हवंय ते बघ. अध्यक्षसाहेबांना मी सांगून ठेवलंय, ते फार ताणणार नाहीत."

अध्यक्षसाहेब म्हणजे ठेकेदार. गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नाही. नुसतं 'ठेकेदार' म्हटलं की पुरतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी बांधलेल्या एका गोदामाचं छत बसलं आणि खाली काम करणारा गवंडी चिरडून मेला. सिमेंटमध्ये काय होतं आणि काय नव्हतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कोर्टाला कळलं नाही. सुटल्यानंतर काही महिन्यांनी ठेकेदार चर्चमध्ये उभे राहून हमसून हमसून रडले. पापाची कबुली दिली, प्रभूला दिली. गवंड्याच्या बायकोला दिली नाही. ती मंडळीतली नव्हती. आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बरं झालं, एकाला तरी माफी मिळाली." त्यानंतर ठेकेदारांचा माणूस दुकानाची पाटी रंगवून घ्यायला आला, तर बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "त्या पाटीला माझा रंग धरायचा नाही," म्हणाले. एवढं सरळ बोलणं त्यांच्यात विरळा होतं.

तर या शास्त्रानुसार चित्र असं: ठेकेदार वर जाणार, पहिल्या रांगेत बसणार, जसे इथे बसतात. गवंडी खाली, कारण छत डोक्यावर येत असताना त्याला हात दाबायला सवड झाली नाही. त्याची बायकोही खाली, कारण नवऱ्याला मारणाऱ्याचा देव तिला पटला नाही. मारणारा नंदनवनात, मेलेला आगीत, आणि ही व्यवस्था चालवणाऱ्याला न्यायी म्हणायचं. एखाद्या तलाठ्यानं असा कारभार केला असता तर लोकांनी कचेरीला कुलूप लावलं असतं.

मी हे सगळं मानत नाही. मग अशा समितीपुढे एक वाक्य बोलायला मला जड का जावं? जो बाजारच खोटा, तिथे खोटा शिक्का चालवला तर बिघडतं कुठे? संध्याकाळभर मी स्वतःला हेच समजावत होते. आईनं आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती: मेल्यावर तरी हे माझ्या शेजारी असू देत. ती माझ्या एका "हो"वर मिळत होती. आणि ते "हो" तर खरंही होतं. हात दाबला होताच.

मावशी घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी उभी होती, पाळकांचा कप धुऊन पुसत होती. तो कधीच कोरडा झाला होता.

"आई, उद्या मी हो म्हणणार आहे."

"मला विचारून म्हणतेस की मला सांगून?"

"सांगून."

तिनं कप पालथा ठेवला. "डॉक्टरीणबाई तुला पेनाचं काय सांगत होत्या ते मला माहीत आहे. नर्सनं मला सांगितलं."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं.

"मंगळवारी पाळक गेले, तू खाली औषधं आणायला गेलीस," ती म्हणाली, "तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले. हात हातात घेतला. म्हटलं, अहो, पाळकांना मनापासून हो म्हणालात ना? दाबला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मग मला राहवेना. तुला माहीत आहे ना ते कसे होते. म्हणून म्हटलं, की पाळकांना नुसतं वाटेला लावायला हो म्हणालात? तरी दाबला." ती थोडी हसली. पुढचं बोलताना मात्र हसू नव्हतं. "मग मी काहीच विचारलं नाही. नुसता हात ठेवला. तरी दाबला."

"आई..."

"मला एवढंच सांग, तू एवढी पुस्तकं वाचतेस. ते नसतील तर मी स्वर्गात जाऊन करू काय? पाळक म्हणतात तिथे दुःख नसतं. म्हणजे हे आगीत आहेत हे ठाऊक असूनही मला दुःख होणार नाही? मग ती मी कशी असेन?"

जाडजूड पुस्तकांत या प्रश्नाला उत्तरं आहेत. एक म्हणतं, आठवण पुसली जाईल. दुसरं म्हणतं, त्यांचा भोग पाहून देवाचा न्याय कळेल आणि आनंदच वाढेल. दोन्ही उत्तरं देणारे विद्वान होते आणि त्यांच्या बायका, असल्या तर, त्यांनी कधी विचारात घेतलेल्या दिसत नाहीत. मी आईला दोन्हींतलं एकही सांगितलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. "यांना पण माहीत नव्हतं. पण ते तसं म्हणायचे तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत गेलो. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेल्या गाण्याच्या पुस्तकांच्या चवडी. मधल्या खुर्चीत ठेकेदार, बाजूला पाळक, आणि समितीचे आणखी दोघं, जे मान हलवण्यासाठी होते. मावशी आईला धरून आली होती.

"वाईट झालं," ठेकेदार म्हणाले. "चांगला हात होता तुमच्या वडिलांचा. आमची फाटकावरची पाटी त्यांचीच. बसा." मग सरळ मुद्द्यावर आले. "आम्हाला एकच ऐकायचं आहे. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी हात दाबला की नाही? हो किंवा नाही, एवढंच."

"दाबला," मी म्हणाले.

पाळकांनी डोळे मिटून मान डोलावली. मावशीनं आईचा दंड आवळला. ठेकेदार मागे रेलले. "झालं तर मग. जागा..."

"थांबा," आई म्हणाली.

ती उभी राहिली नाही. बसूनच बोलली, भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात.

"माझी मुलगी खरं बोलली, पण अर्धं बोलली. ती माझ्यासाठी बोलली. त्यांनी हात दाबला, तसा तो सगळ्यांचा दाबला. पलंगाचाही दाबला. त्यांनी तुमचं काही स्वीकारलं नाही. त्यांना तेव्हा काही कळतच नव्हतं."

"ताई!" मावशी कळवळली. "अगं काय बोलतेस! कोणी विचारलं होतं तुला?"

"हेच तर. मला कोणी विचारलंच नाही."

पाळक पुढे वाकले. "बाई, तुम्ही दुःखात आहात. अहो, मी साक्षीला आहे ना! तुम्ही कशाला मध्ये संशय आणता? तुमच्याच माणसाचं नुकसान करताय."

"माझ्या माणसाला मी इतकी वर्षं फाटकाशी सोडून आत येत होते," आई म्हणाली. "ऊन असो, थंडी असो, ते बसून राहायचे. प्रभूनं त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नसेल, तर पाळकसाहेब, तुमच्या बोटांवरून त्याला काय कळणार आहे?"

मान हलवणाऱ्या दोघांना कोणत्या बाजूला हलवावी ते कळेना.

ठेकेदारांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे तुम्हीच सांगताय की त्यांनी स्वीकार केला नाही. मग नियमाप्रमाणे आमचे हात बांधलेले आहेत. आम्हाला जागा देता येणार नाही."

"नका देऊ. माझीही काढून घ्या."

"तुमची कशाला? तुम्ही मंडळीतल्या आहात. तुमचं तारण झालंय."

"झालं असेल," आई म्हणाली. "तुमचंही झालंय ना?"

तिनं हे अगदी साधेपणानं विचारलं. ठेकेदारांनी टेबलावरची किल्ली उचलली, पुन्हा खाली ठेवली. मी एवढी पुस्तकं वाचून आदल्या दिवशी जे म्हणू शकले नव्हते, ते आई तीन शब्दांत म्हणून पर्स शोधत होती.

बाबांना आम्ही नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरलं. तिथे कुंपण अर्धं आहे आणि जागा ज्याला लागेल त्याला आहे. रखवालदारानं कोणाचा कशावर विश्वास आहे का ते विचारलं नाही. पाय कोणत्या दिशेला हवेत तेवढं विचारलं. तो गवंडीही इथेच कुठेतरी आहे असं तो म्हणाला, पण नेमकी जागा त्याला दाखवता आली नाही. पाळक आले नाहीत. मावशी आली, लांब उभी राहिली, रडली. तिचं रडणं खरं होतं. तिच्या हिशेबानं भावजी त्या क्षणी जळत होते, आणि असं खरोखर मानणाऱ्या माणसानं खरं तर किंचाळायला हवं. ती रुमालानं नाक पुसत होती. माझा बराचसा तिरस्कार तिथेच गळून पडला, कारण मला कळलं की हिचाही पूर्ण विश्वास नाही. कोणाचाच नसतो. असता तर कोणी जेवलं नसतं.

पाळकांवरचा मात्र गळला नाही. त्यांनी पुढच्या आठवड्यात इस्पितळाच्या फेऱ्या पुन्हा सुरू केल्या.

रविवारी सकाळी आई साडी नेसून तयार होती.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? रविवार आहे."

"अजून जाणार तू तिथे?"

"मी त्यांची जागा सोडली, देव नाही सोडला," ती म्हणाली. "ते खातं माझ्याकडे आहे. चल, सोड मला फाटकापर्यंत."

मी सोडलं. ती आत गेली. मी कट्ट्यावर बसले. पाटी डोक्याच्या बरोबर वर होती. 'स्वागत'मधल्या 'ग'ची कड सुटली होती, ऊन लागून रंगाला पोपडे आले होते. यंदा उजळायची होती, ती राहिली. मी वर्तमानपत्र आणायला विसरले होते.

ठेकेदार गाडीतून उतरले, बायकोला पुढे पाठवलं आणि माझ्यापाशी थबकले. मोठ्या मनाचा माणूस थबकतो तसे.

"बाहेर कशाला? आत या ना. इथे कोणाला मनाई नाही." त्यांनी पाटीकडे बोट केलं. "लिहिलंच आहे."

"हो. वडिलांनीच लिहिलंय," मी म्हणाले. "त्यांनीही आत जाऊन पाहिलं नव्हतं."

ते आत गेले. आतून गाणं सुरू झालं. त्यात आईचा आवाज ओळखू येत होता. ती नेहमी अर्धा सूर वर गाते. उपासना संपल्यावर ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि वाट पाहू लागली. कशाची ते समजायला मला थोडा वेळ लागला.

"काय म्हणतो तुझा देव?" मी विचारलं.

आईनं फाटकाच्या आत एकदा वळून पाहिलं.

"यांची चौकशी करत होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, मला काय विचारतोस? बाहेरच तर बसायचे."